खेळाच्या यंत्राला कामाला जुंपताना किल्ली कोणाकडे?

कारोबारी मंडळींच्या बैठकीत हल्ली एक वाक्य वारंवार कानी पडते. "महागडे मशीन कशाला घेता? पोरांच्या गेमचे मशीन घ्या, तेच काम निम्म्या पैशांत होते." बोलणारे बहुधा विशीतले असतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नसते असे नाही. आम्ही कापडाच्या धंद्यातले. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले आणि आमच्या पेढीवर कॉम्प्युटर आला तो खातेवही लिहिण्यापुरता. तरीही ह्या विषयावर चार शब्द लिहिण्याचा हक्क आम्हांस आहे, कारण असाच एक सौदा आम्ही स्वतःच्या खिशातले पैसे घालून २००९ साली करून बसलो होतो. व्हिडिओचे काम झटपट व्हावे म्हणून गेम खेळण्याचे यंत्र घेण्याचा तो सौदा होता. त्यातून जे कळले ते कारखानदार, कारागीर आणि दुकानदार बांधवांपुढे मांडावे, एवढाच ह्या लेखाचा मतलब.

आमच्या थोरल्या आपांचा मुलगा भिवंडीत लग्नाच्या शूटिंगचे काम करतो. लोकांचा समज असा की शूटिंगवाला दोन दिवस कॅमेरा घेऊन फिरला, निकाह आणि वलीमा टिपला, झाली कमाई. खरी रात्र पुढे असते. कॅसेटी कॉम्प्युटरमध्ये उतरवायच्या, मिक्सिंग करायचे, गाणी बसवायची आणि शेवटी ते सगळे 'रेंडर'ला लावायचे. ह्या शेवटच्या कामालाच जाणकार एन्कोडिंग म्हणतात. त्यात माणसाला काही करावे लागत नाही. मशीन चालत राहते आणि माणूस बसून राहतो. रमजानच्या आधीच्या मोसमात आठवड्याला चार-चार लग्ने असली की दुकानातले एकमेव मशीन अडकून पडते. पुढच्या लग्नाचे मिक्सिंग थांबते आणि गिऱ्हाईक दारात येऊन "मुलाची रजा संपली, तो परवा दुबईला निघाला, फिल्म कधी देता?" असे विचारू लागते.

त्यातच २००९ साली भाच्याने एचडी कॅमेरा घेतला. चित्र सुरेख येऊ लागले, पण मशीनचे कंबरडे मोडले. एका तासाच्या फिल्मला त्याचे मशीन सात-आठ तास घेई, आणि चांगले चित्र हवे म्हणून दोन फेऱ्या मारल्या तर त्याहून जास्त. मध्येच लोडशेडिंग. त्याच्याकडची बॅटरी पंधरा मिनिटांची. सहा तास झालेले काम एका झटक्यात मातीत जाई आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. त्या दिवसांत आपा आम्हांस फोन करून सांगत की पोरगा रात्री घरीच येत नाही, मशीनशेजारीच झोपतो.

एवढा वेळ लागतो कशाला, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. एक सरळ हिशेब मांडू. आपल्याकडच्या डीव्हीडीचे चित्र आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपक्यांचे, म्हणजे एका चित्रात ४ लाख १४ हजार ७२० ठिपके. अशी २५ चित्रे एका सेकंदात सरकतात. ती आहेत तशी साठवायची म्हटले, तर रंगाची माहिती थोडी कमी धरूनही सेकंदाला सुमारे साडेपंधरा एमबी जागा लागते. तासाला ५६ जीबी. आणि साध्या डीव्हीडीत जागा किती? ४.७ जीबी. फुल एचडीचे चित्र १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचे, म्हणजे डीव्हीडीच्या बरोबर पाचपट. तासाला २८० जीबी. तेव्हा आवळल्यावाचून गत्यंतर नाही.

आवळण्याची ही विद्या आपल्या लोकांना परकी वाटू नये. जेकार्डची नक्षी काढणारा कारागीर अख्ख्या साडीचा प्रत्येक धागा वेगळा लिहून ठेवत नाही. तो एक रिपीट लिहितो, तो किती वेळा घ्यायचा ते लिहितो आणि पदराला जिथे नक्षी बदलते तिथला बदल तेवढा वेगळा लिहितो. व्हिडिओचेही तसेच. स्टेजवरचा पडदा, खुर्च्या, फुलांच्या माळा जागच्या जागी असतात. हलतो तो दूल्ह्याचा सेहरा, किंवा पाहुण्याचा लिफाफा देणारा हात. मशीन प्रत्येक चित्राचे १६ गुणिले १६ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोन आधीच्या चित्रात कुठे होता ते शोधते. सापडला तर "तिथून उचल, इकडे ठेव, एवढा फरक कर" इतकेच लिहिते. डीव्हीडीच्या एका चित्रात असे १,६२० चौकोन. फुल एचडीत आठ हजारांवर, म्हणजे फिल्मच्या एका सेकंदासाठी दोन लाखांहून जास्त चौकोनांचा शोध. २००३ साली ठरलेली एच २६४ ही पद्धत जुन्या पद्धतीहून पुष्कळ घट्ट आवळते, पण त्यासाठी शोधही तितकाच जास्त करावा लागतो. भाच्याच्या मशीनच्या चिपमध्ये काम करणारे हात होते दोन. दोन हातांनी लाखो चौकोन चाळायचे म्हटल्यावर रात्र जाणारच.

अशा वेळी त्याने कुठेतरी वाचले की प्लेस्टेशन ३ नावाच्या गेमच्या यंत्रात अशा कामासाठी भरपूर हात आहेत. तो धावत आमच्याकडे आला. "मामू, अमेरिकेत लोक ह्यावर शास्त्राची गणिते करतात. आपण एन्कोडिंग करू."

वाचकहो, हे खोटे नव्हते. सोनी, तोशिबा आणि आयबीएम ह्या तीन कंपन्यांनी २००१ साली एकत्र येऊन सेल नावाची चिप बनवायला घेतली आणि २००६ च्या नोव्हेंबरात ती प्लेस्टेशन ३ मधून बाजारात आली. तिची रचना आम्हांस भाच्याने कागदावर काढून दाखवली तेव्हा आम्ही हसलो, कारण तो तर आपला लूमचा कारखाना होता. मध्ये एक मुकादम आणि त्याच्या हाताखाली आठ कारागीर. मुकादम स्वतः फारसे विणत नाही, काम वाटतो. प्रत्येक कारागिराजवळ त्याची स्वतःची छोटी मांडणी, २५६ केबीची. तो फक्त त्या मांडणीवरचा माल विणतो. उठून गोदामात जात नाही. म्हणून त्याच्या हातातली कांडी संपण्याआधी दुसरी भरलेली कांडी त्याच्यापुढे येऊन पडली पाहिजे. कांडी वेळेवर आली तर आठही लूम खडखडत राहतात. कांडी भरणारा झोपला तर आठ लूम असून नसल्यासारखे. चौकोन चाळण्याचे काम असे वाटून देता येते, म्हणूनच ही चिप व्हिडिओच्या कामाला लाभली.

इथे एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. चिपवर कारागीर आठ असले तरी प्लेस्टेशनमध्ये चालू असत सातच. का? तर इतकी बारीक चिप बनवताना एखाद्या कारागिरात खोट राहून जाते. आठही चांगले पाहिजेत असा हट्ट धरला तर पुष्कळ माल फेकावा लागेल. त्यापेक्षा सर्वच चिपांत सात चालू ठेवायचे, म्हणजे एका ठिकाणी खोट असलेली चिपही फ्रेश मालात जाते. ताक्यातला डागी मीटर कापून बाकीचा माल फ्रेश म्हणून देणाऱ्या आपल्या बाजाराला हे कोणी शिकवावे लागत नाही. सातांतला एक यंत्र स्वतःच्या व्यवस्थेसाठी राखून ठेवी. कामाला उरत सहा.

आणि मुख्य गोष्ट अशी की सोनीने सुरुवातीला ह्या यंत्रात बाहेरची व्यवस्था घालण्याची मुभा स्वतःहून दिली होती. मेनूतच तशी सोय होती. लिनक्स नावाची फुकट मिळणारी व्यवस्था त्यात घातली की गेमचे यंत्र कॉम्प्युटर बने. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ शाखेतले प्राध्यापक गौरव खन्ना ह्यांनी २००७ साली आठ प्लेस्टेशन एकमेकांना जोडून कृष्णविवरांची गणिते केली. अमेरिकेच्या वायुदलाने तर १,७६० प्लेस्टेशन जोडून न्यूयॉर्क राज्यातल्या रोम गावी 'कॉन्डर' नावाचा महासंगणक उभारला, तोही चित्रांवर आणि रडारच्या माहितीवर काम करण्यासाठी. व्हिडिओच्या बाबतीत तोशिबाने २००५ सालीच ह्या चिपवर ४८ व्हिडिओ एकाच वेळी चालवून दाखवले होते, मात्र ते उलगडण्याचे काम होते. आवळण्यापेक्षा उलगडणे नेहमीच सोपे. पुढे २००८ साली तोशिबाने सेलचे चार कारागीर आणि व्हिडिओ आवळण्याची खास यंत्रणा एकत्र करून स्पर्सइंजिन नावाची चिप आपल्या लॅपटॉपमध्ये घातली. आणि फिक्सस्टार्स ह्या जपानी कंपनीने नेमके भाच्याला हवे होते तेच विकायला काढले: साध्या कॉम्प्युटरवर मिक्सिंग करायचे, प्लेस्टेशन वायरने शेजारी जोडून ठेवायचे, आणि एच २६४ चे एन्कोडिंग कॉम्प्युटरने त्याच्याकडे सोपवायचे.

कल्पना चांगली होती. ज्याने ती काढली त्याला आम्ही आजही दाद देतो. मालक मिक्सिंगला मोकळा, विणकाम शेजारच्या शेडमध्ये. पण शेडपर्यंत सूत पोहोचवायचे कसे, हा प्रश्न आम्ही त्या वेळी विचारला नाही. न आवळलेला फुल एचडी व्हिडिओ सेकंदाला सुमारे ७८ एमबी मागतो. भाच्याच्या दुकानातली वायर आणि डबा जुना, १०० मेगाबिटचा. त्यातून सेकंदाला साडेबारा एमबीच्या वर काही जात नाही. प्लेस्टेशनला गिगाबिटची सोय होती, तिची मर्यादा १२५ एमबी. म्हणजे वायर, डबा आणि कॉम्प्युटरमधले कार्ड बदलल्याशिवाय सहा कारागीर कांडीची वाट बघत बसले असते. शिवाय लिनक्सला त्या यंत्रात जागा मिळे ती २५६ एमबी मेमरीची, आणि चित्र रंगवणारी जी दुसरी मोठी चिप आत होती तिचा दरवाजा सोनीने पहिल्यापासून बंद ठेवला होता. भर कामात पहिल्या मॉडेलचे यंत्र २०० वॅटच्या आसपास वीज खाई. हा सगळा हिशेब आम्ही पुढे केला, हातून पैसे गेल्यावर. कापडाचा व्यापारी असूनही मशीनची किंमत तेवढी पाहिली. मशीनपर्यंत माल नेण्याचा खर्च पाहिला नाही.

आता आमची कथा. प्लेस्टेशन ३ हिंदुस्थानात २००७ साली आले तेव्हा त्याचा भाव ३९,९९० रुपये होता. तेवढे आम्ही दिले नसते. पण २००९ च्या दिवाळीनंतर भाचा म्हणाला की आता नवे, सडपातळ मॉडेल आले आहे आणि भाव बराच उतरला आहे. आम्ही त्याच्याबरोबर मुंबईला एका बाजारात गेलो. दुकानदार मोठा गोडबोल्या. आम्ही त्याला साफ सांगितले की आम्हांस खेळायचे नाही, ह्यात लिनक्स घालून काम करायचे आहे. तो म्हणाला, "चाचा, जुन्यात होते ते सगळे नव्यात आहे, वर वीज कमी खाते." आम्ही रोकड मोजली. चहाही प्यालो.

भिवंडीला येऊन डबा उघडला, यंत्र लावले, आणि भाचा मेनूत वर-खाली करीत राहिला. अर्ध्या तासाने त्याचा चेहरा उतरला. दुसरी व्यवस्था घालण्याची ओळच मेनूत नव्हती. सोनीने २००९ च्या सप्टेंबरात आणलेल्या सडपातळ मॉडेलमधून ती सोय काढून टाकली होती, आणि ही गोष्ट जगजाहीर होती. आम्हांलाच ठाऊक नव्हती. दुसऱ्या दिवशी परत गेलो तर तोच गोडबोल्या आम्हांस ओळखेना. डबा उघडला, आता घेणार नाही. फार तर दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकून देतो, पाच-सहा हजार तोट्याने. पावतीवर 'गेम मशीन' एवढेच लिहिलेले. ज्या माणसाला कापडाचा ताका दोन बोटांत चोळल्याशिवाय घ्यायची सवय नाही, त्याने मॉडेलचा नंबरही न बघता सौदा केला होता. त्या दुकानदाराने दगा दिला हे खरेच, पण अर्धी चूक आमची होती हे आपांसमोर कबूल करावे लागले. त्या रमजानपूर्व मोसमात भाच्याची तीन गिऱ्हाइके दुसरीकडे गेली. मशीन अपुरे पडले म्हणून, आणि नव्या मशीनचे पैसे खेळण्यात अडकले म्हणून.

पण ज्यांनी जुने मॉडेल घेतले होते, ते तरी सुखी होते का? १ एप्रिल २०१० रोजी सोनीने प्लेस्टेशनसाठी ३.२१ नंबरची नवी आवृत्ती काढली, आणि तिने जुन्या यंत्रांतलीही ती सोय बंद केली. सुरक्षेचे कारण दिले गेले. त्याआधी जानेवारीत एका अमेरिकन तरुणाने यंत्राचे आतले कुलूप उघडल्याचा दावा केला होता. नवी आवृत्ती घ्यायची सक्ती नव्हती, असे म्हणता येते. पण न घ्यावी तर इंटरनेटवरचे खेळ आणि सोनीचे दुकान बंद. म्हणजे विकत घेतलेल्या एका वस्तूच्या दोन उपयोगांपैकी एक सोडा, कोणता ते तुम्ही ठरवा. वायुदलाची यंत्रे बाहेरच्या जाळ्यावर नव्हतीच, त्यामुळे ती चालू राहिली. पण त्यातले एखादे बंद पडले तर त्याच्या जागी नवे आणायचे कुठून? बाजारातल्या नव्या मॉडेलात ती सोय नव्हतीच. जगातल्या सर्वांत बलाढ्य फौजेची ही गत, तिथे भिवंडीच्या शूटिंगवाल्याचे काय घेऊन बसलात.

अमेरिकेत गिऱ्हाइकांनी २०१० सालीच दावा लावला. तो कधी फेटाळला गेला, कधी पुन्हा उभा राहिला, आणि २०१८ साली तडजोड झाली ती ३७ लाख ५० हजार डॉलरांची, दर गिऱ्हाइकास जास्तीत जास्त ६५ डॉलर. आठ वर्षे. आठ वर्षांत ज्या यंत्रासाठी भांडण होते ते भंगारात गेले.

इथे आमच्या काही तरुण मित्रांशी आमचा मतभेद आहे. ते सोनीला सरळ शिव्या घालतात. आम्ही दुकानदार आहोत. दुकानदाराच्या नजरेने बघितले तर दुसरी बाजूही दिसते. यंत्र आले तेव्हा अमेरिकेत त्याच्या मोठ्या मॉडेलची किंमत ५९९ डॉलर होती, आणि आयसप्लाय ह्या संस्थेने आतले सुटे भाग मोजून अंदाज केला की ते बनवायलाच सुमारे ८४० डॉलर लागतात. म्हणजे प्रत्येक नगामागे घाटा. तो घाटा भरून निघणार होता गेमच्या विक्रीतून. आपणही ईदच्या मोसमात रुमाल आणि टोप्या खरेदीच्या भावात दारात टांगतो, कशासाठी? आत येणारा माणूस कुर्त्याचे कापडही घेईल म्हणून. आता कोणी येऊन सगळे रुमाल उचलले आणि कुर्त्याकडे पाहिलेही नाही, तर आपला चेहरा कसा होईल? वायुदलाने शेकड्यांनी यंत्रे घेतली, गेम एकही घेतला नाही. आयबीएम ह्याच घराण्यातल्या चिपा घातलेले सर्व्हर हजारो डॉलरांना विकत होती, आणि इथे तीच ताकद सुमारे ४०० डॉलरांत मिळत होती. हा स्वस्त भाव कोणाच्या तरी घाट्यातून येत होता. घाटा सोसणारा तो कायम सोसेल असे धरून आपला कारखाना उभारणे ही आपली चूक.

पण सोनीच्या बाजूने आम्ही इथवरच येतो, पुढे नाही. रुमाल विकून झाल्यावर त्याचे काय करायचे ते गिऱ्हाईक ठरवील. त्याने त्याच्या पिशव्या शिवल्या म्हणून आम्ही त्याच्या घरी जाऊन शिवण उसवत नाही. सोय देऊ असे स्वतः सांगून माल विकायचा, आणि तीन वर्षांनी तीच सोय काढून घ्यायची, ह्याला आमच्या बाजारात जबान फिरवणे म्हणतात. नव्या मॉडेलात सोय दिली नाही, ह्याबद्दल आमची तक्रार नाही. तो त्यांचा माल, त्यांची मर्जी. विकलेल्या मालात हात घालणे वेगळे.

आज हे सांगण्याचे कारण असे की प्लेस्टेशन गेले तरी ही रीत गेली नाही, उलट वाढली. व्हिडिओच्या कामापुरते बोलायचे तर भाच्याचा प्रश्न फार साध्या रीतीने सुटला. २०११ च्या सुरुवातीस इंटेलने आपल्या साध्या चिपांमध्येच व्हिडिओ आवळण्याची यंत्रणा घालायला सुरुवात केली. २०१२ पासून एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांतही ती आली. सुरुवातीला ह्या यंत्रणेचे चित्र तितके नितळ नसे. त्याच जागेत सावकाश केलेले एन्कोडिंग सरस ठरे. पण लग्नाच्या फिल्मला ते पुरेसे होते. भाच्याने २०११ अखेर नवा कॉम्प्युटर घेतला आणि तो रात्री घरी झोपू लागला. आज हातातला फोनही एचडी व्हिडिओ टिपता टिपता आवळतो. म्हणजे गेमच्या यंत्राने एन्कोडिंग करण्याचा जो फायदा होता, त्याचे आयुष्य जेमतेम दोन-तीन वर्षांचे. आम्ही त्या मोसमाच्या अगदी शेवटी, भाव उतरताना माल भरला होता.

मात्र ग्राफिक्स कार्डांची गोष्ट बघा. गेमसाठी बनलेली ही कार्डे आज व्हिडिओ, डिझाइन, कृत्रिम बुद्धिमत्ता अशा पन्नास कामांना लावली जातात, आणि कंपनीची कामाची कार्डे त्याहून पुष्कळ महाग असतात. तेव्हा मधली भिंत हवीच. गेमच्या कार्डावर एका वेळी किती एन्कोडिंग चालतील ह्याची मर्यादा ड्रायव्हरमध्येच घातलेली. सुरुवातीला ती फक्त दोनची होती, पुढे हळूहळू वाढवली. २०१७ च्या अखेरीस परवान्यात अट आली की गेमच्या कार्डांचा ड्रायव्हर डेटा सेंटरमध्ये वापरू नये. २०२१ च्या फेब्रुवारीत आलेल्या एका कार्डात तर क्रिप्टो नाण्यांची खोदाई ओळखून तिची गती निम्मी करण्याची व्यवस्था घातली होती. चिपमध्ये ताकद आहे, पैसे आपण दिले आहेत, पण किती ताकद कुठे वापरायची ते विकणारा ठरवतो. एकाच ताक्याचे दोन भाव आपणही लावतो, पण ताका एकदा गिऱ्हाइकाच्या घरी गेला की आपला त्याच्यावर ताबा राहत नाही. ह्यांचा राहतो.

आणि हे फक्त कॉम्प्युटरवाल्यांचे दुखणे समजू नका. आमच्या वडिलांच्या शेडमध्ये साधे लूम होते. धोटा तुटला, गिअर झिजला, तर गल्लीतला जॉबर येऊन दुपारपर्यंत चालू करून देई. लूम कोणी बनवला हे विचारण्याची गरज पडत नसे. आज कॉम्प्युटरवर चालणाऱ्या एम्ब्रॉयडरी मशीनला कंट्रोलर असतो आणि कंट्रोलरला पासवर्ड. आमच्या एका व्याह्यांचे मशीन हप्त्यावर घेतलेले. एक हप्ता दहा दिवस चुकला तर मशीन आपोआप बंद, पडद्यावर नुसती पासवर्डची चौकट. हप्ता चुकला हे खरे. पण मशीनवर चढवलेला माल दुसऱ्याचा होता, आणि बारा सुया जागच्या जागी उभ्या. व्याही पैसे पाठवून दोन दिवस पासवर्डची वाट बघत बसले, कारण पासवर्ड देणारा माणूस सुट्टीवर होता.

म्हणून आता कोणी सल्ला विचारायला आले तर आम्ही गतीचे विचारतच नाही. गती दुकानदार सांगतोच. आम्ही विचारतो की हा भाव इतका कमी का आहे आणि घाटा कोण सोसतो आहे. तुझे काम त्याने बनवलेल्या कामापेक्षा वेगळे असेल, तर ते चालेल असे पावतीवर लिहून देतो का? मशीन इंटरनेटला न जोडता चालते का, आणि स्वतःहून बदल घेते का? बिघडले तर हेच मॉडेल पुन्हा मिळेल का? आणि मशीनपर्यंत माल पोहोचवायला आणखी किती खर्च आहे? ह्यांतल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे नाही आली तरी सौदा करायला हरकत नाही, पण मग ते पैसे एका मोसमात वसूल झाले पाहिजेत, दहा वर्षांच्या हिशेबाने नव्हे. जुने प्लेस्टेशन २००७ साली घेऊन ज्यांनी त्याच वर्षी कामाला लावले, त्यांनी आपले पैसे काढून घेतले असतील. जुगाड करू नये असे आम्ही म्हणत नाही; जुगाडाचा मोसम असतो, एवढे म्हणतो.

गेल्या जुम्याला भाचा पुन्हा पेढीवर आला होता. आता तो चाळिशीकडे झुकला आहे, हाताखाली दोन पोरे आहेत. एका गेमिंग कॅफेने काढलेली चार जुनी ग्राफिक्स कार्डे त्याला स्वस्तात मिळत आहेत, सत्तर हजार कमी पडतात. आम्ही वरचे प्रश्न त्याच्यापुढे ठेवले. पहिल्या दोघांची उत्तरे त्याने लगेच दिली, तिसऱ्याला तो थांबला आणि म्हणाला, "मामू, कार्डांचे मॉडेल नंबर घेऊन येतो." पैसे अजून दिलेले नाहीत.